दुसऱ्याचा ड्रायसूट आपल्या मापाचा कसा करावा?

प्रश्न : माझी उंची ४ फूट १० इंच, कमर ४६ इंच. लडाखमध्ये झंस्कार नदीत राफ्टिंगला जायचे ठरले आहे. भाड्याने मिळणाऱ्या सूटमध्ये मी मावत नाही, आणि ज्यात मावते त्याचे पाय खाली लोळतात. ताई आणि भाऊजी कॅनडात असतात. भाऊजींनी त्यांचा कयाकिंगचा जुना ड्रायसूट मला दिला आहे. ते सहा फुटांचे आणि अंगाने भरलेले, त्यामुळे घेर मला बरोबर होतो. पण पाय सात इंच आणि बाह्या चार इंच जास्त आहेत आणि गळा आवळतो. मापाने नवा शिवून घेणे परवडणारे नाही. उल्हासनगरला कॅम्प पाच नंबरला जीन्स बसल्या बैठकीला अल्टर करून मिळते. हा सूटही तिथे होईल का?
— एक वाचक, बदलापूर (पूर्व)

उत्तर : अर्धे काम तिथे होईल. ते अर्धे कोणते, हे ठरवल्याशिवाय मात्र सूट कोणाच्याही मशीनखाली जाऊ देऊ नका.

आधी तुमच्या मापाबद्दल. पत्रात तुम्ही ते जरा संकोचून लिहिले आहे असे वाटले. संकोच करण्यासारखे त्यात काही नाही. हे सूट उत्तर अमेरिका आणि युरोपातल्या गिऱ्हाइकांच्या मापांवर बेतलेले असतात, आणि तयार मापांच्या तक्त्यात घेर वाढला की उंचीही वाढते असे धरलेले असते. आपल्याकडे तर साध्या कपड्यांसाठीसुद्धा देशी मापांचा तक्ता नव्हता. तो करण्यासाठी निफ्ट या फॅशन शिक्षण संस्थेने सहा शहरांत थ्रीडी स्कॅनरने पंचवीस हजारांवर लोकांची मापे घेण्याचा ‘इंडियासाइझ’ प्रकल्प हाती घेतला. मुंबई त्या सहांत होती. तेव्हा चूक तक्त्याची आहे. राफ्टिंगच्या तंबूत कोणी ‘आधी वजन कमी करा’ म्हणाले तर ऐकून घेऊ नका. थंड पाण्यापासून बचाव हा प्रत्येक अंगाचा हक्क आहे.

तुमची बाजू भक्कम आहे ती अशी : घेर पुरतो आणि लांबी उरते. उलटे असते, म्हणजे लांबी बरोबर आणि घेर कमी, तर बगलेपासून पायापर्यंत नवी कळी घालावी लागली असती. ते काम सूट बनवणाऱ्या कंपनीकडेच द्यावे लागते आणि त्यात जुन्या सूटच्या किमतीइतका खर्च होतो. म्हणून उंची-रुंदीचा मेळ न बसणाऱ्या कोणालाही माझा सल्ला हाच, की जुना सूट घेताना घेर पाहून घ्या. लांबी नंतर कापता येते.

आता सुईचे. ड्रायसूटचे काम एकच, आत पाण्याचा थेंब येऊ न देणे. ऊब सूट देत नाही. ती आतल्या लोकरीच्या किंवा फ्लीसच्या कपड्यांची असते, आणि ते कपडे कोरडे राहिले तरच टिकते. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेते. त्यामुळे वितळलेल्या बर्फाच्या नदीत एक भोकही महाग पडते. सूटचे कापड तीन थरांचे असते : बाहेर नायलॉन, मध्ये पाणी अडवणारा पातळ पडदा, आत अस्तर. सुई या तिन्हींतून आरपार जाते. कारखान्यातही शिलाई असतेच, पण प्रत्येक शिलाईवर आतून पट्टी वितळवून चिकटवलेली असते. सूट उलटा करून पाहा. सगळ्या जोडांवरून बोटभर रुंदीची गुळगुळीत पट्टी गेलेली दिसेल. जीन्सच्या दुकानातली शिलाई कितीही सरळ आणि पक्की असली तरी ही पट्टी तिथे नसते. टाचणीसुद्धा लावू देऊ नका. खुणा खडूने, आणि धरायला कपडे वाळत घालायचे चिमटे.

उल्हासनगरच्या कटिंग मास्तरांकडे तुम्ही जायचे ते माप आणि फर्म्यासाठी. आत जे कपडे घालणार आहात ते घालून जा. उंची, छाती, कमर, सीट ही मापे ते घेतीलच. तुम्ही आणखी एक माप मुद्दाम मागा. खांद्यावरून टेप सोडायची, पुढून खाली दोन पायांच्या मधून घेऊन पाठीवरून पुन्हा त्याच खांद्यावर आणायची. धडाचा हा पूर्ण वेढा तुमच्या आणि सूटच्या मापात किती वेगळा आहे यावर सगळे अवलंबून आहे. सूटचा वेढा तुमच्यापेक्षा थोडा मोठा हवाच, नाहीतर उकिडवे बसता येणार नाही आणि वल्हे मारताना मुंढ्यात ओढ बसेल. फार मोठा असेल तरी धड कापू नका. धडावर झिप आहे, आणि जलरोधक झिप हा सूटमधला सगळ्यात महागडा भाग. ती कापली किंवा तिला तीव्र घडी पडली की सूट संपला. धडाची जास्तीची लांबी आतून गॅलिस लावून वर उचलून धरायची. बऱ्याच सूटमध्ये ते कंपनीचेच असतात. नसतील तर इलॅस्टिकच्या पट्ट्या मास्तर शिवून देतील. त्या मात्र सूटला शिवायच्या नाहीत, आतल्या कपड्यांवरून घालायच्या आणि सूटच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कापडी फाशांत अडकवायच्या.

पाय. तुमच्या सूटला मोजे कापडाचे जोडलेले असतील असे धरतो. सर्वांत सोपे वाटते ते हे, की मोज्याच्या जरा वर कापायचे, सात इंच काढायचे आणि मोजा परत जोडायचा. इथेच फसगत होते. पाय खाली निमुळता होत जातो. घोट्याकडचा अरुंद भाग गेला की उरलेले तोंड मोज्यापेक्षा रुंद असते. शिंपी तिथे चुण्या घालून जुळवून देईल, आणि चुणीच्या प्रत्येक घडीतून पाणी शिरेल. त्याऐवजी मास्तरांकडून फर्मा काढून घ्या : गुडघ्याखालून घोट्यापर्यंत आतल्या जोडावर लांबट निमुळती पट्टी कापून काढायची, म्हणजे तोंड मोज्याएवढे होते. गुडघ्यावर जाड कापडाचे ठिगळ असेल तर सात इंच एकाच ठिकाणी काढू नका, कारण ठिगळ नडगीवर येईल. काही मांडीतून काढा, काही पोटरीतून.

जोडायचे सोल्युशनने. पंक्चरवाल्याकडचे सोल्युशन रबर-रबरासाठी असते, नायलॉनवर त्याचा भरवसा धरू नका. चप्पल-बूट बनवणारे वापरतात तसे निओप्रीन जातीचे काँटॅक्ट सिमेंट पाहिजे. ताईंना सांगून ड्रायसूटसाठीचेच मागवता आले तर सर्वांत चांगले. एकावर एक इंचभर कापड येईल असा जोड धरा. दोन्ही बाजूंना पातळ थर, वाळू द्या, पुन्हा पातळ थर, बोटाला चिकटेनासा झाला की एकमेकांवर ठेवा आणि लाटण्याने जोर लावून दाबा. एकदा टेकले की सरकवता येत नाही, म्हणून आधी कोरडे ठेवून दोन-तीनदा सराव करा. चोवीस तास हात लावू नका. खिडक्या सताड उघड्या ठेवा. या सिमेंटची वाफ डोके धरते आणि गॅसच्या शेगडीजवळ पेट घेते. मग जोडावर आतून त्याच कापडाची पट्टी. ती आणायला कुठे जावे लागत नाही, पायांचे कापलेले तुकडे हातात असतातच. म्हणूनच पायांचे काम आधी करा. पहिल्या तुकड्यांवर सिमेंट लावून, चोवीस तास ठेवून, दोन दिवस बादलीत भिजवून, मग दोन्ही हातांनी ओढून पाहा. सुटले तर सिमेंट बदला. उरलेले तुकडे जपून ठेवा, पुढच्या सगळ्या डागडुजीला तेच लागतील.

बाह्या. मनगटाचे लेटेक्सचे सील कापून टाकायचे, बाही चार इंच आखूड करायची, नवे सील बसवायचे. जुने सील वाचवायचा मोह नको. लेटेक्स काही वर्षांत मरतेच, आणि बोटाला चिकट लागत असेल किंवा ताणल्यावर बारीक चिरा दिसत असतील तर ते आधीच मेले आहे. नवी सील भारतात सहज मिळत नाहीत, ताईंनी येताना आणावीत किंवा पोस्टाने पाठवावीत. सूटच्या मानाने ती फार स्वस्त असतात. लेटेक्सचीच मागवा, कारण सिलिकोनला नेहमीचे सिमेंट धरत नाही, त्याला वेगळ्या कड्या लागतात. गोल जोड सपाट टेबलावर नीट होत नाही. बदलापुरात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात ७५ आणि ९० मिलिमीटरचे पीव्हीसी पाइप मिळतात. बाहीच्या तोंडात बसेल तो हातभर पाइप घाला आणि त्यावर काम करा.

गळा सर्वांत शेवटी, आणि सर्वांत सावकाश. गळ्याचे सील हे टोक कापलेल्या शंकूसारखे असते आणि त्यावर बऱ्याचदा गोल रेघा उमटवलेल्या असतात. आधी कापू नका. ते रात्रभर एखाद्या पातेल्यावर ताणून ठेवा. कधी तेवढ्यानेच भागते. नाही भागले तर धारदार कात्रीने एक रेघ कापा, तीही एका दमात, कारण कडेला राहिलेल्या खाचेतूनच लेटेक्स फाटते. घाला, पंधरा मिनिटे घरात वावरा, मान फिरवा, गिळून पाहा. चेहरा लाल होणे, डोके हलके वाटणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे यांपैकी काहीही झाले तर तत्काळ काढा. मानेच्या बाजूंना रक्तदाब सांभाळणाऱ्या जागा असतात, तिथे दाब पडला की माणूस बेशुद्ध होऊ शकतो. थोडा सैल गळा चार थेंब आत सोडेल, घट्ट गळा त्याहून फार वाईट.

पाण्यात जाण्याआधी घरी तपासा. मनगटांत आणि गळ्यात बसतील अशा बाटल्या-डबे घाला, झिप लावा, एका बाहीतून हवा भरून सूट फुगवा आणि साबणाचे पाणी फासा. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधतात तसे बुडबुडे दिसतील. मग एकेक पाय उलटा करून त्यात पाणी भरून टांगा, जोडातून पाझर आला तर कळेल. यानंतर पोहण्याच्या तलावात, पोहता येणारे कोणी सोबत असताना. उल्हास नदीच्या डोहात किंवा बारवी धरणाच्या पाण्यात प्रयोग नको.

तीन गोष्टी तुम्हाला कोणी सांगणार नाही. केसांना खोबरेल लावून सूट चढवू नका, तेलाने लेटेक्स सडते. सील सरकवायला बिनवासाची टाल्कम पावडर वापरा. मंगळसूत्र, बांगड्या, कानातले आधी काढा, आणि गळ्याच्या सीलखाली एकही बट अडकू देऊ नका, तेवढ्या फटीतून पाणी येते. आणि तिसरे : भाऊजींच्या सूटला पुढे लघवीसाठी छोटी झिप असेल ती तुमच्या कामाची नाही. बायकांच्या बऱ्याच सूटना मागे उघडणारी झिप असते, ती या सूटला नंतर बसवणे खर्चाचे आहे. तुम्हाला प्रत्येक वेळी पूर्ण सूट उतरवावा लागेल. पण म्हणून पाणी पिणे टाळू नका. मुक्कामाच्या जागा गाईडला आधी विचारून ठेवा आणि तेवढा वेळ हक्काने मागा.

पाण्यात उतरताना उकिडवे बसा, गळ्याच्या सीलमध्ये बोट घालून आतली हवा बाहेर काढा. सैल सूटमध्ये हवा पायांकडे धावते आणि पाय वर, डोके खाली होऊ शकते. पोटऱ्यांवर वेल्क्रोच्या पट्ट्या बांधल्या तर ती जागाच कमी होते. वर लाइफ जॅकेट हवेच, आणि तेही तुमच्या घेराचे. ते आहे का, हे निघण्यापूर्वी फोनवर विचारा.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या भागात पाणी भरते तेव्हा आम्ही काही मित्र मदतीला उतरतो. वरच्यासारखा जुना सूट घेऊन मापाचा केला तर पुराच्या घाण पाण्यापासून वाचता येईल का? आमच्यातला एक जण ६ फूट ४ इंच, एक जण खूप बारीक.
— एक वाचक, अंबरनाथ

उत्तर : तुम्ही करता ते मोलाचे आहे. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हासच्या पुरात अडकली, तेव्हा सुमारे १०५० प्रवाशांना बाहेर काढण्यात एनडीआरएफ आणि नौदलाबरोबर आसपासच्या गावांतली माणसेही होती. तुमची काळजीही खरी आहे. अंबरनाथच्या शिवमंदिराला लागून वाहणारी वालधुनी पुढे जी घाण वाहून नेते ती सगळी पुरात रस्त्यावर येते. २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली होती. उंदरांच्या मुतातले जंतू पाण्यात मिसळतात आणि पायावरच्या साध्या ओरखड्यातून शिरतात.

मोजे जोडलेला ड्रायसूट हे पाणी अंगापासून दूर ठेवतो, यात शंका नाही. तरीही तुम्हाला मी तो घ्या म्हणणार नाही. जुलैत आपल्याकडचे पाणी थंड नसते, हवा दमट असते, आणि बंद सूटमध्ये माणसे उचलण्याचे काम करताना घाम सुकत नाही. लवकरच उष्माघाताच्या दारात पोहोचाल. शिवाय हात आणि तोंड उघडेच राहतात. त्याच पैशांत प्रत्येकाच्या मापाचे लाइफ जॅकेट, दोर, टाचेपर्यंत जाड पँट, घट्ट बूट आणि हातमोजे घ्या. छातीपर्यंत येणारे रबरी पँट-बूट वाहत्या पाण्यात घालू नका, त्यात पाणी भरले की पाय उचलत नाहीत. पाण्यातून बाहेर आल्यावर साबणाने अंग धुवा, आणि ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जाऊन लेप्टोच्या प्रतिबंधक गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा. जखम असलेल्याने काठावरचे काम घ्यावे.

तुमच्या बारीक मित्रासाठी एवढे : त्याचे लाइफ जॅकेट दोन्ही खांद्यांपाशी धरून वर ओढून पाहा. हनुवटीवर चढले तर ते त्याच्या मापाचे नाही, मग पट्टा कितीही आवळा. दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेले घ्या. उंच मित्राला मात्र उंचीची चिंता नाही. जॅकेट छातीच्या घेरावर आणि वजनावर निवडतात.

प्रश्न : माझे अल्टरेशनचे दुकान आहे. जीन्सचे वॉश कारखाने बंद झाल्यापासून काम कमी झाले. मागे एकाने असा रबरी सूट आणला, मी परत पाठवला. हे काम शिकण्यासारखे आहे का?
— एक वाचक, उल्हासनगर ५

उत्तर : परत पाठवलात ते बरोबर केलेत. पण काम जरूर शिकण्यासारखे आहे. फक्त ड्रायसूटवर पोट भरणार नाही. आपल्याकडे ते वापरणारे मोजके. पाणी अडवणारा कपडा मात्र घरोघरी आहे : रेनकोट, बाइकवाल्यांचे रेनसूट, ट्रेकिंगची जॅकेटे, दिवसभर पावसात फिरणाऱ्या डिलिव्हरीच्या मुलांचे कपडे. यांचे जोड पहिल्या-दुसऱ्या पावसातच गळू लागतात, आणि रुंद किंवा बुटक्या माणसाला मापाचा रेनकोट बाजारात मिळतच नाही. तो कापून जोडून, न गळता परत देणारा शिंपी शोधून सापडत नाही.

ही अडचण तुमच्या धंद्याला दोनशे वर्षांपासून आहे. चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ मध्ये दोन कापडांमध्ये रबर घालून जलरोधक कापडाचे पेटंट घेतले. कापड उत्तम होते, पण शिंप्यांनी नेहमीच्या सुईने कोट शिवले आणि ते प्रत्येक टाक्यातून गळू लागले. शेवटी कंपनीला कोट स्वतःच शिवून विकावे लागले. आपल्याकडे १९२० मध्ये कोलकात्यात सुरू झालेल्या बेंगाल वॉटरप्रूफच्या ‘डकबॅक’ने पिढ्यान्‌पिढ्या शाळकरी मुलांना कोरडे ठेवले.

सुरुवात अशी करा. कापड ओळखायला शिका. चकचकीत प्लॅस्टिकसारखा रेनकोट पीव्हीसीचा असतो; त्याचे जोड बहुधा यंत्राने वितळवून केलेले असतात आणि त्यावर इस्त्री लावली तर भोक पडते. आतून दुधी पापुद्रा असलेले नायलॉन बहुतेक पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेनचे. त्याला पीयूचीच पट्टी धरते. गरम हवेने पट्टी वितळवून रुळांखाली दाबणारे यंत्र रेनकोट आणि बॅगांच्या कारखान्यांत असते. ते विकत घेण्याआधी अशा एखाद्या ठिकाणी आपले काही जोड पैसे देऊन मारून घ्या आणि गिऱ्हाईक येते का बघा. तोवर इस्त्रीने लागणाऱ्या पट्टीवर हात बसवा : इस्त्री मंद, मध्ये सुती कापड, पट्टी जोडाच्या मधोमध, टोके गोल कापलेली, कारण चौकोनी टोक कोपऱ्यातून सुटते. जिथे चार जोड एकत्र येतात, जसे मांड्यांच्या मध्ये, तिथे पट्टीवर आणखी एक गोल ठिगळ. शिलाई उसवल्यावर राहिलेली जुनी भोके विसरू नका, त्यांवरूनही पट्टी गेली पाहिजे. सुई बारीक घ्या, टाका लांब ठेवा. जीन्सची जाड सुई या कपड्याला लावूच नका.

माणसाच्या जिवाशी गाठ असलेले कपडे, म्हणजे ड्रायसूट, स्कूबाचे सूट, लाइफ जॅकेट, यांची झिप, व्हॉल्व्ह आणि फोम यांना हात लावायचा नाही. बाकी मोजमाप, फर्मा आणि पायांचे कापकाम तुम्ही घेऊ शकता. पावतीवर काय केले आणि काय केले नाही ते स्पष्ट लिहा, आणि साबणाच्या पाण्याची तपासणी गिऱ्हाइकासमोर करून मगच सूट त्याच्या हातात द्या.